पेडर ते फ्रँकलिन : टास्मानियातील हरित पक्षाची जन्मकथा

पर्यावरणरक्षण हाच मुख्य कार्यक्रम घेऊन निवडणुकीत उतरलेला जगातला पहिला पक्ष म्हणून बहुतेक अभ्यासक ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ या संघटनेचे नाव घेतात. मार्च १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात ती स्थापन झाली. न्यूझीलंडमधली ‘व्हॅल्यूज पार्टी’ त्याच वर्षी मे महिन्यात निघाली, ब्रिटनमधला ‘पीपल’ हा पक्ष पुढच्या वर्षी, आणि ज्याच्यामुळे ‘ग्रीन’ हे नाव जगभर रूढ झाले तो पश्चिम जर्मनीतला पक्ष १९८० मध्ये. विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि चळवळी यांनी गजबजलेल्या युरोपीय शहरांआधी हा मान जेमतेम चार लाख वस्तीच्या, आडबाजूच्या एका बेटाकडे गेला. त्याचे कारण त्या बेटाच्या विजेत आणि तिथल्या मतदानपद्धतीत शोधावे लागते.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या दक्षिणेला, बास सामुद्रधुनीपलीकडचे सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचे बेट. पश्चिमेकडून येणारे वारे तिथे वर्षभर पाऊस आणतात. नैर्ऋत्येचा डोंगराळ भाग जवळजवळ निर्मनुष्य. नद्या खोल घळींमधून वेगाने वाहतात. कोळशाच्या बाबतीत मुख्य भूमीइतके सुदैव नसलेल्या या राज्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच पाण्यापासून वीज काढायला सुरुवात केली. वॅडामाना येथील वीजघर १९१६ मध्ये सुरू झाले. १९३० मध्ये स्थापन झालेले सरकारी वीज मंडळ, ज्याला लोक नुसते ‘हायड्रो’ म्हणत, पुढच्या चाळीस वर्षांत राज्यातली सर्वांत बलाढ्य संस्था बनले. स्वस्त वीज दाखवून उद्योग बेटावर आणायचे, हे धोरण ठरून गेले. जस्ताचा कारखाना आला, कागदाच्या गिरण्या आल्या, १९५५ मध्ये बेल बे येथे ॲल्युमिनियमचा कारखाना आला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या हजारो निर्वासितांना धरणांच्या बांधकामावर काम मिळाले.

या धोरणाबद्दल दोन्ही मोठ्या पक्षांत मतभेद नव्हता. मजूर पक्षाला त्यात रोजगार दिसे, लिबरल पक्षाला उद्योग. वीज मंडळाचे आयुक्त ॲलन नाइट १९४६ पासून १९७७ पर्यंत एकाच पदावर होते. या काळात सरकारे आली आणि गेली. राज्याच्या मुख्यमंत्र्याला तिथे प्रीमियर म्हणतात. मजूर पक्षाचे प्रीमियर एरिक रीस यांना तर लोकांनी ‘इलेक्ट्रिक एरिक’ असेच नाव ठेवले होते. कोणत्या नदीवर धरण बांधायचे हे मंडळ ठरवी, विधिमंडळ मान डोलावी. अशा राज्यात धरणाला विरोध करणाऱ्याने मत कोणाला द्यायचे, या प्रश्नाला १९७२ पर्यंत उत्तर नव्हते.

हा प्रश्न पेडर सरोवराने उभा केला. नैर्ऋत्य टास्मानियात, फ्रँकलंड पर्वतरांगेच्या पायथ्याशी, हिमयुगाच्या अखेरीस तयार झालेले हे सुमारे १० चौरस किलोमीटरचे उथळ सरोवर होते. त्याच्या पूर्व काठावर गारगोटीच्या वाळूची, फिकट गुलाबी झाक असलेली सुमारे तीन किलोमीटर लांबीची चौपाटी होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती इतकी रुंद आणि टणक होई की छोटी विमाने थेट वाळूवर उतरत. सरोवरापर्यंत रस्ता नव्हता. पाठीवर सामान घेऊन कित्येक दिवस चालत जाणारे गिर्यारोहक आणि ही विमाने, एवढीच तिथली वर्दळ. १९५५ मध्ये सरोवराभोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला होता.

१९६७ मध्ये रीस सरकारने गॉर्डन नदीच्या मधल्या टप्प्यावरचा प्रकल्प विधिमंडळात आणला. त्यात तीन धरणे बांधून पेडरचे खोरे भरायचे आणि ते पाणी कालव्याने गॉर्डनच्या मोठ्या जलाशयात सोडायचे, अशी योजना होती. मूळच्या १० चौरस किलोमीटर सरोवराच्या जागी सुमारे २४० चौरस किलोमीटरचा जलाशय होणार होता. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आड येत होता, तो काढून घेण्यात आला. कायदा मंजूर झाला. मंडळाने नव्या जलाशयालाही ‘लेक पेडर’ हेच नाव दिले. सरोवर बुडाले नसून मोठे झाले आहे, असा युक्तिवाद पुढे अनेक वर्षे चालला; संरक्षणवाद्यांना धरणापेक्षाही हा युक्तिवाद अधिक झोंबला.

विरोधाचा पहिला टप्पा अर्ज-विनंत्यांचा होता. १९६७ मध्ये बचाव समिती झाली, १९७१ मध्ये अधिक आक्रमक ‘लेक पेडर ॲक्शन कमिटी’ झाली. सरोवर म्हणजे काय हे बहुसंख्य टास्मानियावासीयांनी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. ते त्यांना दाखवले ओलेगास ट्रुचानास या छायाचित्रकाराने. लिथुआनियातून निर्वासित म्हणून आलेले ट्रुचानास वीज मंडळातच कारकून होते. १९६७ मध्ये राज्याची राजधानी होबार्ट येथे लागलेल्या वणव्यात त्यांचे घर आणि सारा छायाचित्रसंग्रह जळाला. त्यांनी पुन्हा नैर्ऋत्येच्या वाऱ्या करून नवी छायाचित्रे काढली आणि सभागृहे भरवून ती पडद्यावर दाखवली. नोकरी मंडळाची असल्यामुळे त्यांना उघड बोलता येत नव्हते. चित्रे बोलत होती. ६ जानेवारी १९७२ रोजी गॉर्डन नदीत ते बुडून वारले.

मार्च १९७२ मध्ये राज्यातले लिबरल पक्षाचे आघाडी सरकार एका सहकाऱ्याने पाठिंबा काढल्याने कोसळले आणि निवडणूक जाहीर झाली. जलाशयात पाणी चढायला थोडाच अवधी उरला होता. २३ मार्चला होबार्टच्या टाउन हॉलमध्ये पेडर समितीची सभा भरली आणि तिथे स्वतःचे उमेदवार उभे करण्याचा निर्णय झाला. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे रिचर्ड जोन्स नव्या पक्षाचे अध्यक्ष झाले. मतदान २२ एप्रिलला होते. म्हणजे पक्षस्थापना, उमेदवार, प्रचार या सगळ्यासाठी हातात महिनाही नव्हता.

इतक्या घाईत पक्ष काढण्याचे धाडस करावेसे वाटले, याला मतदानाची पद्धत कारणीभूत होती. टास्मानियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी ‘हेअर-क्लार्क’ नावाची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रूढ आहे. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पसंतीक्रम देऊन मतदान करतात आणि विजयाचा कोटा ठरतो, त्याच घराण्यातली ही पद्धत. फरक इतका की तिथे ती थेट सामान्य मतदारांसाठी वापरली जाते. त्या वेळी पाच मतदारसंघ होते आणि प्रत्येकातून सात सदस्य निवडले जात. त्यामुळे मतदारसंघातली साडेबारा टक्के मते, पुढच्या पसंतीच्या मतांसह, मिळवणारा उमेदवार निवडून येई. जिथे एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडला जातो, तिथे नव्या आणि गरीब पक्षाला असा हिशेब मांडताच येत नाही.

हिशेब मात्र या वेळी चुकला. पक्षाला राज्यभरात ३.९ टक्के मते पडली आणि जागा एकही मिळाली नाही. मजूर पक्ष ३५ पैकी २१ जागा घेऊन परतला आणि रीस पुन्हा प्रीमियर झाले. तरीही या प्रचारातून पक्षाने मागे एक महत्त्वाचा दस्तऐवज ठेवला. ‘नवी नीती’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची सनद एका सरोवरापुरती नव्हती. माणूस हा निसर्गाचा मालक नसून घटक आहे, पुढच्या पिढ्यांचा वाटा आजच्या पिढीने खाऊ नये, निर्णयांत लोकांचा सहभाग हवा, सत्तेचे केंद्रीकरण नको, अशी तिची मांडणी होती. पुढे जगभरच्या हरित पक्षांच्या जाहीरनाम्यांत जे मुद्दे आले त्यांतले बरेचसे तिच्यात आधीच आहेत. एका धरणाला विरोध करण्यासाठी जमलेली मंडळी महिन्याभरात एवढ्या व्यापक भूमिकेपर्यंत पोचली, ही १९७२ ची खरी कमाई म्हणावी लागेल.

सरोवर वाचले नाही. कायदेशीर लढाईचा एक मार्ग उरला होता : राष्ट्रीय उद्यान बुडवणे वैध आहे का, हे न्यायालयात तपासून घेण्याचा. त्यासाठी महाधिवक्त्याची संमती लागत होती. ते पद सांभाळणारे मंत्री मर्विन एव्हरेट संमतीच्या बाजूने झुकले, तेव्हा मंत्रिमंडळाशी खटका उडून त्यांना ते पद सोडावे लागले. रीस यांनी ते खाते स्वतःकडे घेतले, संमती नाकारली आणि प्रकल्पाच्या वैधतेबद्दलच्या ‘शंका दूर करणारा’ कायदाच मंजूर करून घेतला. सप्टेंबर १९७२ मध्ये चळवळीतल्या एक अग्रणी ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस हे जुन्या टायगर मॉथ विमानातून देशाची राजधानी कॅनबेराकडे निघाले. आकाशात धुराने पेडर वाचवण्याचे आवाहन लिहायचा त्यांचा बेत होता. विमान कॅनबेराला पोचलेच नाही. विमान, माणसे, काहीच सापडले नाही. उड्डाणाआधी विमानाच्या शेडमध्ये कोणी तरी शिरल्याचे आढळल्याने घातपाताचा संशय व्यक्त झाला, तो आजतागायत मिटलेला नाही.

केंद्रात डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांचे मजूर सरकार आले. त्याने चौकशी समिती नेमली आणि पाणी काही काळ थांबवण्यासाठी होणारा खर्च देण्याची तयारी दाखवली. रीस यांनी ती धुडकावली. राज्य आपल्या जमिनीवर काय करते हा केंद्राचा विषय नाही, ही त्यांची भूमिका. दहा वर्षांनी हाच मुद्दा सर्वोच्च पातळीवर निकाली निघायचा होता.

पक्ष पुढची काही वर्षे निवडणुका लढवत आणि हरत राहिला, आणि १९७६ नंतर विरून गेला. त्याच्या उमेदवारांत एक तरुण डॉक्टर होता, बॉब ब्राउन. न्यू साउथ वेल्समध्ये १९४४ मध्ये जन्मलेले ब्राउन १९७२ मध्ये टास्मानियात प्रॅक्टिससाठी आले होते आणि १९७५ मध्ये सेनेटच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत या पक्षातर्फे उभे होते. १९७६ मध्ये त्यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. टास्मानियात तेव्हा तो गुन्हा होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पॉल स्मिथ या वनाधिकारी मित्राबरोबर त्यांनी फ्रँकलिन ही नदी रबरी तराफ्यांतून पार केली. गॉर्डनला मिळणारी ही नदी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, बहुतांश घळींतून वाहणारी आणि तेव्हा फार थोड्यांनी पाहिलेली. खाली उतरल्यावर त्यांना वीज मंडळाचे सर्वेक्षण चालू असल्याचे दिसले. वर्षाच्या मध्याला ब्राउन यांच्या लिफी येथील घरी काही जण जमले आणि ‘टास्मानियन विल्डरनेस सोसायटी’ स्थापन झाली.

पेडरच्या पराभवातून या मंडळींनी तीन गोष्टी शिकून घेतल्या होत्या. विरोध धरणाच्या कायद्याआधी उभा राहिला पाहिजे. लढाई बेटाबाहेर, मेलबर्न आणि सिडनीत नेली पाहिजे. आणि केवळ सौंदर्याची भाषा पुरणार नाही, विजेच्या मागणीचे मंडळाचे आकडेही खोडून काढले पाहिजेत. ऑक्टोबर १९७९ मध्ये मंडळाने गॉर्डन आणि फ्रँकलिन यांच्या संगमाखाली धरण बांधण्याचा प्रस्ताव अधिकृतपणे मांडला, तेव्हा संघटना तयार होती. १९८० मध्ये होबार्टमध्ये निघालेल्या मोर्चात सुमारे १०,००० माणसे चालली. राज्याच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या प्रचंड होती.

या वेळी सरकारमध्येही फट पडली. मजूर पक्षाचे प्रीमियर डग लो यांनी मधला मार्ग काढला : फ्रँकलिनला हात न लावता गॉर्डनवरच, ओल्गा नदीच्या संगमाच्या वरच्या बाजूला धरण बांधावे आणि फ्रँकलिनचे खोरे राष्ट्रीय उद्यान करावे. कनिष्ठ सभागृहाने हे मान्य केले. वरिष्ठ सभागृह मंडळाच्या मूळ प्रस्तावावर अडून बसले. कोंडी फोडण्यासाठी १२ डिसेंबर १९८१ रोजी सार्वमत ठरले. पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच ठेवले, हे धरण किंवा ते धरण. धरण नकोच, असा पर्याय ठेवण्यास लो यांच्या पक्षाने नकार दिला. पक्षाने त्याआधी महिनाभर लो यांनाच पदावरून दूर केले होते. ते आणि आणखी एक सदस्य पक्ष सोडून अपक्ष बसले.

विल्डरनेस सोसायटीने लोकांना सांगितले : मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने ‘नो डॅम्स’ लिहा. ४७ टक्के मते फ्रँकलिन बुडवणाऱ्या धरणाला पडली, ८ टक्के दुसऱ्या धरणाला, आणि सुमारे ४५ टक्के मतपत्रिका बाद ठरल्या. बाद मतपत्रिकांतल्या बहुतेकांवर ते दोन शब्द होते. सरकारने विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे, असे एक तृतीयांश मतदार लेखी सांगत होते. लोकशाहीच्या इतिहासात बाद मतांनी इतके काम क्वचितच केले असेल.

मार्च १९८२ मध्ये अल्पमतातले मजूर सरकार अविश्वास ठरावाने पडले. मे महिन्यातल्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे रॉबिन ग्रे ३५ पैकी १९ जागा घेऊन आले. फ्रँकलिन ही त्यांच्या लेखी जळवांनी भरलेली गढूळ गटारवजा नदी होती, आणि ते तसे बोलूनही दाखवत. धरणाचा कायदा लगेच झाला. अपक्ष म्हणून उभे राहिलेले ब्राउन हरले. बेटावरचा बहुमताचा कौल धरणाच्या बाजूने होता, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. चळवळीचे नंतरचे यश पाहून ते विसरले जाते.

दरम्यान खोऱ्यात वेगळीच गोष्ट उजेडात आली होती. फ्रँकलिनच्या काठावरच्या एका गुहेत, जिला आता कुटिकिना म्हणतात, १९८१ मध्ये पुरातत्त्वज्ञांना दगडी हत्यारे आणि हाडांचे थरच्या थर सापडले. हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, तिथे माणसे राहत होती. त्या काळात पृथ्वीवर इतक्या दक्षिणेला माणूस राहिल्याचे पुरावे फार थोडे आहेत. धरणाविरुद्धचा हा बिनतोड मुद्दा ठरला. पण त्याने चळवळीच्याच एका लाडक्या कल्पनेला छेद दिला. ज्या प्रदेशाला ती ‘मानवाचा स्पर्श न झालेले रान’ म्हणत होती, तो टास्मानियाच्या आदिवासींचा वडिलोपार्जित प्रदेश होता. त्यांच्या प्रतिनिधींनी हे तेव्हाच सुनावले, आणि हा वाद हरित राजकारणात पुढेही धुमसत राहिला.

केंद्रातले माल्कम फ्रेझर यांचे लिबरल सरकार अडचणीत होते. नैर्ऋत्य टास्मानियाचे नाव जागतिक वारशासाठी त्यांनीच पुढे पाठवले होते. पण राज्याच्या अधिकारात ढवळाढवळ करायची नाही, हे त्यांच्या पक्षाचे तत्त्व. १४ डिसेंबर १९८२ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीने या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, गॉर्डन नदीवर आंदोलकांनी नाकेबंदी सुरू केली.

नाकेबंदीचा तळ स्ट्रॅहन या पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरात होता. तिथून नदीमार्गे कामाच्या जागेपर्यंत काही तासांचा प्रवास. येणाऱ्या प्रत्येकाला अहिंसक प्रतिकाराचे प्रशिक्षण घेणे बंधनकारक होते : पोलिसांशी कसे बोलायचे, अटक कशी करून घ्यायची, गटात निर्णय कसे घ्यायचे. मराठी वाचकाला यात सत्याग्रही शिबिरांची आठवण येईल. लोक रबरी होड्यांतून बुलडोझर आणणाऱ्या बार्जसमोर जात, झाडीत तळ ठोकत, मालकी हक्काच्या जमिनीत घुसल्याबद्दल पकडले जात. पुन्हा तिथे न जाण्याच्या अटीवर जामीन मिळे. अट नाकारणाऱ्यांची रवानगी होबार्टजवळच्या रिझडन तुरुंगात होई. मार्च १९८३ पर्यंत १,२०० हून अधिक जणांना अटक झाली. त्यांत दूरचित्रवाणीमुळे घरोघरी ठाऊक असलेले ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी होते, आणि बॉब ब्राउनही.

ब्राउन १९ दिवस तुरुंगात होते. एवढ्यात विधानसभेतले ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स पक्षाचे एकमेव सदस्य नॉर्म सँडर्स यांनी राजीनामा दिला. हेअर-क्लार्क पद्धतीत जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही. आधीच्याच निवडणुकीच्या मतपत्रिका पुन्हा मोजून पुढचा उमेदवार ठरवतात. त्या मोजणीत ब्राउन यांचे नाव निघाले. जानेवारी १९८३ मध्ये तुरुंगातून सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आमदार झाले.

मुख्य भूमीवर या काळात ‘नो डॅम्स’चा पिवळ्या-काळ्या रंगातला त्रिकोणी स्टिकर गाड्यांच्या काचांवर दिसू लागला होता. डिसेंबर १९८२ मध्ये व्हिक्टोरियातील फ्लिंडर्स पोटनिवडणुकीत सुमारे ४१ टक्के मतदारांनी मतपत्रिकेवर हे शब्द लिहिले. घाबरलेल्या फ्रेझर यांनी धरण सोडून देण्यासाठी टास्मानियाला ५० कोटी डॉलर देऊ केले; ग्रे यांनी नाही म्हटले. विरोधी मजूर पक्षाने १९८२ मध्येच धरण थांबवण्याचे आश्वासन दिले होते. ५ मार्च १९८३ ची सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांत एक पानभर रंगीत जाहिरात आली. धुक्याने वेढलेले, फ्रँकलिनच्या प्रवाहातले एक खडकाळ वळण, आणि खाली हे नष्ट करणाऱ्या पक्षाला मत देणार का, अशा अर्थाचा प्रश्न. छायाचित्र पीटर डॉम्ब्रॉव्हस्किस यांचे होते. तेही निर्वासित लाटव्हियन कुटुंबातले, आणि ट्रुचानास यांच्या हाताखाली घडलेले.

बॉब हॉक यांचा मजूर पक्ष मोठ्या बहुमताने जिंकला. त्या विजयामागे बेकारी आणि आर्थिक मंदी ही मोठी कारणे होती; सगळे श्रेय एका नदीला देता येणार नाही. खुद्द टास्मानियात पाचही जागा लिबरल पक्षाने राखल्या. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी, ६ मार्चला, पश्चिम जर्मनीत ग्रीन पक्षाने ५.६ टक्के मते मिळवून संसदेत पहिल्यांदा प्रवेश केला.

नव्या सरकारने जागतिक वारसा स्थळांच्या संरक्षणाचा कायदा केला. ग्रे यांनी काम थांबवले नाही, उलट कायद्यालाच आव्हान दिले. जमीन आणि नद्या राज्यांच्या अखत्यारीत, हे ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतले जुने गृहीत. परराष्ट्र व्यवहार मात्र केंद्राकडे. जागतिक वारशाचा आंतरराष्ट्रीय करार केंद्राने केला आहे, तो पाळण्यासाठी कायदा करण्याचा अधिकारही त्यातून येतो, असा केंद्राचा दावा होता. १ जुलै १९८३ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. एका न्यायमूर्तीचे मत फिरले असते तर धरण झाले असते. काम त्याच दिवसापासून बंद पडले. टास्मानियाला पुढे भरपाई म्हणून २७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

फ्रँकलिन वाचवणारी चळवळ आणि हरित पक्ष यांची अनेकदा गल्लत होते. नदी वाचली तेव्हा टास्मानियात हरित पक्ष नावाची नोंदलेली संघटना नव्हतीच. जुनी विरून गेली होती, नवी व्हायची होती, विधानसभेत ब्राउन एकटे होते. पक्ष हा या विजयाचा कर्ता नव्हे. त्यातून उरलेले कार्यकर्ते, ओळखी आणि आत्मविश्वास यांच्यावर तो नंतर उभा राहिला. १९८६ मध्ये ब्राउन यांच्या जोडीला पर्यावरण कायद्याचे जाणकार गेरी बेट्स निवडून आले. संघर्ष आता धरणांकडून जंगलतोडीकडे वळला होता. लाकडाच्या चिपा करून जपानला निर्यात करण्याच्या धंद्यापायी जुनी जंगले तोडली जात होती. उत्तर किनाऱ्यावर वेस्ली व्हेल येथे प्रचंड कागदलगद्याचा कारखाना येणार होता, आणि त्यातले क्लोरीनयुक्त सांडपाणी बास सामुद्रधुनीत जाणार होते. त्याविरुद्ध शेतकरी आणि मच्छीमार एकत्र आले. त्यांचे नेतृत्व क्रिस्टीन मिल्न या शिक्षिकेने केले. मार्च १९८९ मध्ये कंपन्यांनी प्रकल्प सोडला. हरित विचार शहरी गिर्यारोहकांच्या वर्तुळातून शेतावर पोचला तो इथे.

१३ मे १९८९ च्या निवडणुकीत ‘ग्रीन अपक्षां’ना १७ टक्के मते आणि पाचही मतदारसंघांतून एकेक अशा पाच जागा मिळाल्या. लिबरल १७, मजूर १३. सत्तेची किल्ली पाच जणांच्या हातात आली. त्यांनी मजूर पक्षाचे मायकेल फील्ड यांच्याशी लेखी करार केला, मंत्रिपदे घेतली नाहीत. सत्तांतर टाळण्यासाठी लाँसेस्टनचे वृत्तपत्रमालक एडमंड राउस यांनी मजूर पक्षाच्या एका सदस्याला १,१०,००० डॉलरची लाच देऊ केली. त्या सदस्याने पोलिसांत कळवले आणि राउस तुरुंगात गेले. करारातून जागतिक वारसा क्षेत्र वाढून १३ लाख हेक्टरांच्या पुढे गेले. मात्र रिकामी तिजोरी, शाळा बंद करण्याचे निर्णय आणि लाकूडचिपांच्या निर्यातीची मर्यादा यांवरून दोघांचे बिनसले, आणि १९९० मध्ये करार मोडला. मजूर पक्षाने या सहवासाचा धसका घेतला आणि हरितांशी पुन्हा हातमिळवणी नाही, ही घोषणा त्यानंतर अनेक निवडणुकांत ऐकू आली. दोन्ही बाजूंना हा प्रयोग कडू गेला. तरी अल्पमतातले सरकार म्हणजे अनागोंदी, ही भीती त्याने निराधार ठरवली.

१९९२ मध्ये ‘टास्मानियन ग्रीन्स’ आणि देशपातळीवर ‘ऑस्ट्रेलियन ग्रीन्स’ हे पक्ष रीतसर स्थापन झाले. ब्राउन १९९६ मध्ये सेनेटवर गेले आणि २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे होते. टास्मानियात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला, तेव्हा विधिमंडळातल्या हरित गटाच्या नेत्या मिल्न होत्या.

हरितांची वाढ रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय दोन मोठ्या पक्षांना १९९८ मध्ये सापडला. काटकसरीचे कारण देऊन त्यांनी मिळून विधानसभेच्या जागा ३५ वरून २५ केल्या. प्रत्येक मतदारसंघातून सातऐवजी पाच सदस्य निवडले जाऊ लागले आणि विजयाचा कोटा साडेबारा टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेला. त्या वर्षी हरितांच्या चारपैकी एकच जागा उरली. २००२ मध्ये त्या पुन्हा चार झाल्या. २०१० मध्ये निक मॅककिम मंत्री झाले. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही सरकारातले ते पहिले हरित मंत्री. इतक्या लहान सभागृहात मंत्री आणि समित्या यांना माणसे पुरत नाहीत, हे अखेर सर्वांनीच मान्य केले. २३ मार्च २०२४ च्या निवडणुकीपासून सभागृह पुन्हा ३५ सदस्यांचे झाले आणि त्यात हरित पक्षाचे पाच जण निवडून आले.